पुंज्याचा आवाज

मुखपृष्ठावर पुंज्या सापडेना, तेव्हा मोतीरामने चष्मा सारखा करून पुन्हा पाहिले. सायकल कमरेला टेकवून तो अमरावतीच्या राजापेठेतल्या पुस्तकांच्या टपरीसमोर उभा होता. कचेरी नुकतीच सुटली होती, पण ऊन अजून मान सोडायला तयार नव्हते. दोरीला चिमट्यांनी लटकवलेल्या मासिकांमध्ये ‘पुष्कर माले’चे नवे पुस्तक त्याला दुरूनच ओळखू आले होते. तेच निमुळते आभाळयान, शेपटीशी तीच लाल आग. पण चित्राचा खालचा डावा कोपरा रिकामा होता. आजवर निघालेल्या प्रत्येक पुस्तकावर त्या कोपऱ्यात पुंज्या असायचा, डोक्यावर बोचके, गुडघे वाकलेले, तोंड उघडे टाकून वर बघणारा. आज तिथे नुसते काळे आभाळ होते. ‘‘घ्या ना काका, सकाळीच आलं,’’ टपरीवाला म्हणाला, ‘‘कोणी म्हंते झकास आहे, कोणी म्हंते पार वाया गेलं. दोघंबी घेऊन जातात, आपल्याले काय!’’ मोतीरामने पुस्तक हातात घेऊन उन्हात तिरपे धरले. मग दिसला. पुंज्या वर होता. यानाच्या काचेआड, चाकामागच्या खुर्चीत, जिथे कप्तान विश्वजित बसायचा तिथे. डोक्यावर बोचके नव्हते आणि तोंड मिटलेले होते. तोंड मिटलेला पुंज्या मोतीरामने कधी पाहिलाच नव्हता. इतक्या वर्षांची ओळख असलेला माणूस रस्त्यात समोरून यावा आणि आपण त्याला ओळखू नये, तसे त्याला वाटले. पुस्तक कॅरिअरला लावून तो निघाला, पण सायकलवर बसला नाही. हातात धरून चालवतच नेली.

‘पुष्कर माला’ म्हणजे काही पोथी नव्हे, हे त्याला कळत होते. दोन-तीन महिन्यांनी निघणारी, पिवळट कागदाची, हातात घेतली की बोटांना शाई लागणारी पुस्तके. पुष्कर नावाचे यान दर खेपेला नव्या ग्रहावर उतरे. तिथे कोणी क्रूर राजा असे, नाहीतर डोंगराएवढा प्राणी. कप्तान विश्वजित त्याला लोळवी, आणि कप्तानाचा नोकर पुंज्या तोवर पिठाच्या पोत्याआड थरथरत बसे. कप्तान पुस्तकातले शुद्ध बोले, पुंज्या आपल्या वऱ्हाडातले. शेवटी यान माघारी फिरे, कप्तान आपल्या ताटातला एक लाडू पुंज्याकडे टाकी, आणि पुंज्या दोन्ही हातांनी तो झेलून म्हणे, ‘‘मालक, आता घरी चाला ना जी!’’ एवढे वाचले की किसनरावच्या अंगणात हशा फुटायचा. किसनरावचे भाजीचे दुकान होते. रविवारी दुपारी बाजार उठला की दुकानामागच्या अंगणात, टिनाच्या सावलीत, पंधरा-वीस माणसे जमायची. गंगूबाई गजऱ्यांची फुले घेऊन बसायची, कोणी कांदे निवडायचे, कोणी नुसतेच आडवे व्हायचे, आणि मोतीराम मोठ्याने वाचायचा. माळ्यांची माणसे असत, मोतीरामच्या वस्तीतली असत. त्या अंगणात कोण कुठे बसतो, ते आता कोणी बघत नसे, निदान बघतो असे दाखवत नसे. माला लिहिणारे पुण्याचे गृहस्थ गेल्या वर्षी वारले. छापणाऱ्याने ती एका तरुण लेखकाच्या हाती दिली. त्याने पहिल्याच पुस्तकात राक्षस काढून टाकला आणि दुसऱ्यात लाडू. तेव्हापासून अंगणात दोन तट पडले होते.

‘‘राक्षसच नाई, तर हे लोक तिथलोक जातात कायले?’’ किसनराव विचारायचा. ‘‘हवा खायले?’’

‘‘तिथं हवा नसते, किसनराव,’’ गोवर्धन म्हणायचा. हा पोरगा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता आणि नव्याच्या बाजूचा होता. ‘‘हा लिहिणारा इचार करून राहिला. माणूस तिथं गेल्यावर माणसाचं काय होते, हे लिहून राहिला.’’

‘‘माणसाचं काय होते हे पाहाले मी घरीच बसतो ना बाप्पा. आभाळात कायले जाऊ?’’

‘‘अन् ते रशियाची बाई वरतून फिरून आली म्हंते,’’ गंगूबाई दोऱ्याची गाठ दाताने तोडत म्हणायची. ‘‘तिले कुठी राक्षस दिसला?’’

‘‘तिले पाहून पळाला असंन,’’ किसनराव म्हणायचा.

मग सगळे हसायचे, गोवर्धनसुद्धा. आणि शेवटी सगळ्यांचे डोळे मोतीरामकडे वळायचे, कारण तो कोणत्या बाजूचा, हे त्याने कधी सांगितले नव्हते. तो चष्मा पुसायचा. त्याला खरे म्हणजे दोन्हीकडून राग यायचा. जुन्याला कोणी हसले की छातीत कळ उठायची, आणि जुन्याचे कोणी गोडवे गायले की तोंडात कडू यायचे. असे का होते, ते त्याला सांगता येत नव्हते. सांगता येत नाही म्हणून झोप नीट लागत नव्हती.

अकोल्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, तो कापसाची बोद-पोती ओढत होता, तेव्हाची गोष्ट. नागपूरला दीक्षा घेऊन माणसे परत आली होती, घराघरांतले देव उतरले होते, आणि चाळिशीला आलेल्या मोतीरामला एकदम वाटू लागले होते की आपल्याला वाचता येत नाही ही गोष्ट अंगावरच्या फाटक्या सदऱ्यासारखी सगळ्यांना दिसते आहे. जिनात देवमन नावाचा जोडीदार होता, चार इयत्ता शिकलेला. दुपारच्या सुट्टीत, सरकीच्या ढिगाला पाठ टेकून तो ‘पुष्कर माला’ वाचायचा. मोतीराम म्हणाला, मले शिकव. देवमनने पाटी आणली नाही, बाराखडी घोकवली नाही. पुस्तकच पुढे धरले आणि म्हणाला, ‘‘हे पाय, हा पुंज्या. जिथं जिथं पुंज्या दिसंन तिथं तिथं बोट ठेव.’’ मोतीराम पानावर पुंज्याला शोधू लागला. जत्रेच्या गर्दीत आपल्या माणसाचा फेटा शोधावा तसा. पहिल्यांदा तो एकच शब्द ओळखीचा होता, बाकी सगळे परके. मग पुंज्याच्या शेजारी उभे असलेले शब्द ओळखू येऊ लागले, ‘म्हणाला’, ‘पळाला’, ‘थरथर’. मग त्यांच्या शेजारचे. असा एका नोकराचा हात धरून तो भाषेत शिरला होता. बाकी जगाला तो विनोदी गडी वाटो, मोतीरामला त्याने दार दाखवले होते. देवमनने आणखी एक गोष्ट शिकवली होती. पुढचे पान आधी वाचून ठेवायचे नाही. जे काय आहे ते लोकांबरोबर पहिल्यांदा वाचायचे. ‘‘आधी मालूम असलं का आवाज लबाड होते,’’ असे तो म्हणायचा. देवमनला जाऊन पाच वर्षे झाली. अमरावतीला कचेरीत शिपाई म्हणून लागल्यावरही मोतीरामने तो नेम मोडला नव्हता.

आणि आवाज. ते तर त्याला कोणी शिकवले नव्हते. पहिल्यांदा मोठ्याने वाचले तेव्हा पुंज्याचे बोलणे आले, आणि त्याच्या घशातून आपोआप एक पातळ, वाकलेला, नाकात गेलेला आवाज निघाला. ‘हाव जी. हो जी मालक. चुकलं जी.’ जिनातली माणसे लोळून लोळून हसली. पुढे राजापेठेतही तेच झाले. मोतीरामचा पुंज्या ऐकायला माणसे दुसऱ्या मोहल्ल्यातून येत. मागच्या पुस्तकात नव्या लेखकाने पुंज्याला शुद्ध बोलायला लावले होते आणि लाडू ठेवलाच नव्हता. मोतीराम वाचत गेला, अंगण थंड पडत गेले. किसनरावने जांभई दिली. तेव्हा शेवटच्या पानावर मोतीरामने, कागदावर नसलेला, एक लाडू घातला. कप्तानाने तो टाकला. पुंज्याने झेलला. ‘‘मालक, आता घरी चाला ना जी!’’ अंगण उठून बसले. टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांमध्ये त्याची मुलगी शालू, पुस्तक आधीच वाचलेली शालू, पदर झटकून उठली आणि निघून गेली.

घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली होती, ‘‘तो आवाज कोणाचा आहे, बाबा? तुम्ही कोणाची नक्कल करता?’’

त्यानंतर ती अंगणात आली नव्हती.

सायकल ओट्याला लावून तो आत गेला तेव्हा शालू पत्र्याच्या पेटीत कपडे भरत होती. मोर्शीच्या शाळेत तिला मास्तरीण म्हणून नेमले होते. सोमवारी सकाळच्या मोटारीने जायचे होते. पंचफुला चुलीशी भाकरी थापत होती. तिने नवऱ्याच्या हातातले पुस्तक पाहिले, मग मुलीकडे पाहिले. ‘‘रविवारी येते म्हंते शालू वाचनाले,’’ ती म्हणाली. ‘‘मी म्हंतलं तिले, बापाचं वाचणं ऐकून जाय. परत कवा ऐकशीन.’’

शालूने पुस्तक घेतले, मुखपृष्ठाकडे बराच वेळ पाहिले. ‘‘इथं किती चांगला दिसतो तो,’’ ती म्हणाली.

‘‘ओळखू येत नाई,’’ मोतीराम म्हणाला.

‘‘ओळखायची सवय नाही तुम्हाला.’’

‘‘खुर्ची देल्ली त्यानं. पण त्याची बोली कुठी गेली? पुण्याच्या माणसावानी बोलते आता. खुर्चीत बसलं का आपलं बोलणं बाहेर काढून ठेवा लागते काय, चपलावानी?’’

‘‘मग काय जन्मभर ‘चुकलं जी’ म्हणत राहायचं?’’

‘‘तू मोर्शीले पोराईसंग कशी बोलशीन?’’

शालूचा हात पेटीत थांबला. ‘‘पुस्तकासारखी,’’ ती म्हणाली. आणि मग, घरातसुद्धा ती वर्षभर तशीच बोलते आहे, हे जणू दोघांना एकदमच ऐकू आले. पंचफुलाने भाकरी उलटली. त्या रात्री शालूने कंदिलाजवळ पुस्तक वाचून संपवले. मोतीरामने अंथरुणातून म्हटले, ‘‘शेवट सांगू नको.’’ ती म्हणाली, ‘‘नाही सांगत.’’ तिचा आवाज ओला होता की त्याला तसा वाटला, हे त्याला ठरवता आले नाही.

शनिवारी कचेरीत तो साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसला होता. घंटी वाजली. ‘‘हाव जी,’’ तो म्हणाला आणि उठला, आणि उठता उठता त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. पातळ. वाकलेला. नाकात गेलेला. तो दारात तसाच उभा राहिला, एक हात कडीवर. आतून साहेबाने दोनदा हाक मारली, कोण आहे, पाणी आण. त्याने पाणी नेले. साहेब बरा माणूस होता, ‘मोतीरामजी’ म्हणायचा. पण दिवसभर घंटी वाजली की मोतीराम काही न बोलता उठत होता. तेल्हाऱ्याकडचे लहानपणचे गाव त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याचा बाप, डोमाजी, पाटलाच्या दारापुढे उभा आहे. पायऱ्या चढायच्या नाहीत. आत जेवणे चालली आहेत, बाप ऊन डोक्यावर घेऊन उभा आहे. कोणीतरी बाहेर येते आणि वरून ओंजळीत पाणी सोडते. बाप पितो आणि म्हणतो, ‘‘हाव जी. चुकलं जी मालक.’’ काय चुकले होते, ते मोतीरामला आता आठवत नव्हते. काही चुकलेही नसेल. पण तो आवाज, तोच. सरकीच्या ढिगाशी, टिनाच्या सावलीत, इतकी वर्षे ज्याच्यावर माणसे हसली, तो आवाज त्याने कुठून काढला होता, हे शालूने एका वाक्यात विचारले होते. स्टुलावरून उठून तो नळावर गेला, तोंडावर पाणी मारले. मग वाटले, म्हणजे आता काय करायचे? पुंज्या टाकून द्यायचा? ज्या शब्दावर पहिले बोट ठेवले तो पुसायचा? नव्या लेखकाने पुसलाच होता की. स्वच्छ धुऊन, इस्त्री करून खुर्चीत बसवला होता, आणि त्याच्या तोंडात बापाचे काहीच उरले नव्हते. वाईट होते तेही नाही आणि चांगले होते तेही नाही. पण बापाचे चांगले काही होते का? संध्याकाळभर तो त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिला, जुन्या घाण्याच्या बैलासारखा.

रविवारी अंगण भरले होते. किसनराव आधीच एक जुने पुस्तक घेऊन बसला होता, कोपरे झिजलेले, पिठाच्या पोत्याचा प्रसंग असलेले. ‘‘आधी हे होऊ द्या, मोतीराम. तोंडाले चव येऊ द्या. मंग तुमचं ते बिनराक्षसाचं वाचा.’’

‘‘आज नवं आलं ना जी,’’ गोवर्धन म्हणाला.

‘‘नवं कुठी पळून जाते काय? शालू पोट्टी उद्या चालली. तिले हसवून धाडा.’’

शालू आईला लागून खांबाशी बसली होती. तिने मान वर केली नाही. मोतीरामचा हात जुन्या पुस्तकाकडे गेला, त्या मऊ झालेल्या कागदाला लागला, आणि तिथून निघून नव्यावर आला. तो वाचू लागला.

वाचन नीट होईना. कप्तान विश्वजिताचे डोळे एका तीव्र प्रकाशाने दिपले होते, म्हणून यान पुंजाजी चालवत होते. आता पुस्तकात ‘पुंज्या’ नव्हता, ‘पुंजाजी’ होते. ग्रहावर कोणी नव्हते, नुसती तांबडी धूळ होती. पुंजाजी यानाची तुटलेली पट्टी जोडायला एकटेच बाहेर उतरले. त्यांची शुद्ध वाक्ये मोतीरामच्या तोंडात दुसऱ्याच्या कवळीसारखी हलत होती. मागे कोणी कुजबुजले. कांदे निवडणाऱ्याने एक कांदा उगाच टोपलीत जोरात टाकला. ‘‘आवाज काढा ना, मोतीराम,’’ किसनराव कळवळून म्हणाला. ‘‘पुंज्याचा आवाज काढा! असं वरणावानी काय वाचून राहिले?’’ दोघे-तिघे हसले. मोतीरामने शालूकडे पाहिले नाही. बोट ओळीवर ठेवून पुढे गेला.

पट्टी जोडून झाली. यान वाचले. पुंजाजी परत फिरले आणि त्यांनी दारावर थाप मारली. आत कप्तान होता, कप्तानाचा पुतण्या होता, डॉक्टर होता. डॉक्टर म्हणाला, ‘त्याच्या अंगाला तिथली धूळ लागली आहे. त्याला आत घेतले तर आपणही बाधित होऊ. त्याला बाहेरच राहू द्या. पाणी वरच्या झडपेतून सोडता येईल.’

मोतीराम थांबला. त्याने थांबायचे असे ठरवले नव्हते. पंचफुलाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. गंगूबाईची सुई फुलात अर्धी गेली होती. किसनराव जुन्या पुस्तकाचा झिजलेला कोपरा अंगठ्याने दाबत होता आणि जमिनीकडे बघत होता. लिहिणाऱ्या त्या तरुणाला हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे. त्याने कदाचित नुसती धूळच लिहिली असेल. पण अंगणात बसलेल्या प्रत्येकाला ती धूळ कोणती, ते कळले होते. मोतीरामच्या बोटाखाली पुढची ओळ होती. त्याने ती डोळ्यांनी पाहिली. ‘पुंजाजी शांतपणे उत्तरले, कृपया दार उघडावे. मी आत येत आहे.’

शांतपणे. कृपया. ते शब्द घशापर्यंत आले आणि अडकले. त्यांच्या मागोमाग तो दुसरा आला, वाकलेला, नाकातला, सवयीचा. तोही अडकला. तेवढ्या क्षणात कुठून कोण जाणे, बाप पुन्हा दिसला. पण पाटलाच्या दारात नाही. गावाच्या मधोमध, कमरेला डफडे, संध्याकाळची वेळ. बाप कोतवालीचे काम करायचा. दवंडी तोच द्यायचा. उद्या बाजार नाही, परवा मोजणीदार येणार, नदीला पूर आहे, जनावरे सोडू नका. डफड्यावर टिपरू पडायचे आणि मग बाप मान वर करायचा. पाठ सरळ व्हायची. पोटातून, पायाखालच्या मातीतून यावा तसा आवाज निघायचा, आणि तो त्याच पाटलाच्या भिंतीवर आदळून त्याच्या माजघरात शिरायचा, बोलावल्यावाचून. सगळे गाव हातातले काम टाकून ऐकायचे. लहानगा मोतीराम बापाच्या धोतराला धरून चालायचा, तेव्हा त्याला वाटायचे, या आवाजाला दार नाही. हे कसे विसरलो होतो? वाकलेलेच कसे तेवढे घेऊन आलो?

त्याने पुस्तक मांडीवर ठेवले, बोट ओळीवरून न हलवता. मान वर केली.

‘‘दार उघडा!’’

आवाज टिनाला लागला आणि टिन झणझणले. कांदे निवडणाऱ्याचे हात हवेत राहिले. कोणीतरी सवयीने हसायला तोंड उघडले आणि तसेच ठेवले.

‘‘आयका होऽ! दार उघडा! मी आत येऊन राहिलो!’’

मग अंगणाच्या कुंपणापलीकडे, गल्लीच्या त्या बाजूला, कडी वाजली. पार्बताबाई, जी कधी वाचनाला यायची नाही, जिला पुस्तकांचा आणि गर्दीचा त्रास व्हायचा, ती आपल्या घराचे दार सताड उघडून उंबऱ्यात उभी होती. हाताला पीठ लागलेले. ती इकडे-तिकडे बघत होती.

‘‘कोण होय जी?’’ तिने विचारले. ‘‘कोणी बलावून राहिलं?’’

किसनरावने तोंड उघडले, पण बोलली ती शालू. खांबाशी बसल्या बसल्या, पेटीत भरलेली ती शहाणी भाषा बाजूला ठेवून, अंगणभर ऐकू जाईल असे ती म्हणाली, ‘‘माहे बाबा होत, मावशी.’’

पार्बताबाई दारातच उभी राहिली. दार तिने लावले नाही.

‘‘मंग?’’ किसनराव हळूच म्हणाला. जुने पुस्तक त्याच्या मांडीवरून घसरून खाली पडले होते, ते त्याने उचलले नव्हते. ‘‘आतल्याइनं उघडलं का?’’

शालूला ठाऊक होते. मोतीरामने तिच्याकडे पाहिले, तर तिने हनुवटीने पुस्तकाकडे खूण केली. पानाची शेवटची ओळ संपली होती. मोतीरामने अंगठा जिभेला लावला आणि पान उलटले.